दुधाचा पेला कमी, भाकरीचा घास जास्त

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात "याचं पोटच साफ होत नाही" हे गाऱ्हाणं रोजचं. त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "जेवतच नाही हो, नुसता दुधावर आहे." आई-वडील ही दोन वेगळी दुखणी म्हणून सांगतात. बऱ्याचदा दुखणं एकच असतं.

दीड-दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना बद्धकोष्ठाचा त्रास होतो, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या आतड्यात कसलाही आजार नसतो. आजार नसतो म्हणजे त्रास खोटा असतो, असं मात्र नाही. पोट दुखतं, भूक मरते, शी करताना मूल रडून लाल होतं आणि सगळं घर त्याच्या संडासाभोवती फिरू लागतं. या त्रासाची सुरुवात अनेक घरांत ताटापासून होते, म्हणून उपायातही ताटाला मोठी जागा आहे. फक्त ती नेमकी कुठे आहे हे समजून घ्यायला हवं.

आधी दुधाचा हिशेब मांडू. सकाळी उठल्यावर एक मोठा पेला, दुपारी झोपेतून उठल्यावर दुसरा, रात्री "जेवला नाही, निदान दूध तरी जाऊ दे पोटात" म्हणून तिसरा. असं पाऊण लिटर दूध सहज होतं. ते म्हशीचं असेल तर त्यातून जवळजवळ ८०० उष्मांक मिळतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १३६० उष्मांकांची. म्हणजे निम्म्याहून जास्त भूक दुधानेच भागते आणि उरलेल्या भुकेला बिस्किटं, खारी किंवा टोस्ट पुरतात. मूल जेवत नाही म्हणून दूध आणि दूध प्यायलं म्हणून जेवण नाही, असं हे चक्र फिरत राहतं. शिवाय दुधात चोथा अजिबात नसतो आणि लोह नसल्यासारखंच असतं. त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळाही आणतं. त्यामुळे दुधावर पोसलेलं, गुटगुटीत दिसणारं मूल पांढुरकं पडलेलं आढळतं, यात नवल नाही.

आता चोथ्याचा हिशेब. मुलाच्या वयात पाच मिळवले की दिवसाला साधारण तेवढे ग्रॅम चोथा हवा, असा एक सोपा ठोकताळा बालरोगतज्ज्ञ वापरतात. पाच वर्षांच्या मुलाला दहा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, बाजरीत आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास चोथा दिला आहे. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमही भरत नाही. चाळीस ग्रॅम पिठाची छोटी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि अर्धा पेरू एवढ्यात पाच वर्षांच्या मुलाचे दहा ग्रॅम पुरे होतात. याउलट तीन पेले दूध, पाच-सहा बिस्किटं, वरणभात आणि संध्याकाळच्या नूडल्स यांची बेरीज पाच ग्रॅमपर्यंतही जेमतेम जाते. भाकरी-उसळ हे काही महागडं पथ्य नाही. दोन पिढ्यांपूर्वी ते बहुतेकांचं रोजचं जेवण होतं.

मऊ अन्नाची सवय हीसुद्धा यातलीच गोष्ट. आठव्या-नवव्या महिन्यात मऊ भात, मेतकूट, तूप ठीकच आहे. पण तीन वर्षांच्या, सगळे दात आलेल्या मुलाला मिक्सरमधून फिरवलेली खिचडी मोबाइल दाखवत भरवली जाते, तेव्हा त्याला चावण्याची गरजच पडत नाही. मग भाजीचा एखादा तुकडा जिभेला लागला की ते थुंकून टाकतं. कणीकही बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकला जातो. तो फेकू नये.

पण एवढं वाचून उद्यापासून मुलाला पेरू आणि पालेभाजी सुरू केली की काम झालं, असं समजू नका. इथेच अनेक घरं अडकतात. एकदा शी कडक झाली, दुखलं, कधी चीर पडून रक्ताचा थेंब दिसला की मूल घाबरतं. पुढच्या वेळी कळ आली की ते शी धरून ठेवतं. पडद्यामागे जाऊन उभं राहतं, पाय एकमेकांवर घट्ट दाबतं, चवड्यांवर उंच होतं, अंग ताठ करतं. घरच्यांना वाटतं, बिचारं जोर लावतंय. खरं तर ते जोर लावून थांबवत असतं. आत राहिलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, मळ आणखी मोठा आणि कडक होतो, पुढची शी आणखी दुखते. आठवडे-महिने हे चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो आणि कळ येणंच मंदावतं. मग साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. ते मुलाच्या ताब्यात नसतं, त्याला अनेकदा कळतही नाही. घरी मात्र त्याला "एवढा घोडा झाला तरी" असं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. अशा मुलाला रागावणं अन्यायाचं आहे. त्याने सगळी भीती शीला जोडलेली असते आणि आपण तिच्यात लाजेची भर घालतो.

या टप्प्यावर नुसता आहार पुरत नाही. आधी साचलेला खडा औषधाने मऊ करून काढावा लागतो, मगच आहाराचा उपयोग होतो. भारतातल्या बालपचनसंस्था तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना आणि त्याआधी २०१४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी दिलेल्या सूचना, दोन्हींत एक वर्षावरच्या मुलांसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पावडरीला पहिली पसंती आहे. ती मळात पाणी धरून ठेवते. "सवय लागेल" या भीतीने पालक चार दिवसांत पोट साफ झालं की ती बंद करतात आणि महिन्याभरात पुन्हा दवाखान्यात येतात. औषध निदान दोन महिने चालतं, त्रास थांबल्यावरही महिनाभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं असतं. मात्रा डॉक्टरच ठरवतील. आहार आणि औषध यांत निवड करायची नसते, दोन्ही बरोबरीने चालतात.

आता घरी काय बदलायचं? पहिलं काम दुधाचं. दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुष्कळ झालं. रात्रीचं दूध आधी कमी करा, बाटली असेल तर ती बंद करा. दोन-तीन दिवस रडारड होईल, मग भूक लागेल. त्या भुकेला बिस्किटाचा पुडा समोर आला तर सगळं वाया जाईल, म्हणून तो घरात आणूच नका. चोथा हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात गॅस धरेल, आणि त्याच्याबरोबर पाणीही वाढवा. भाजणीचं थालीपीठ लोण्याबरोबर मुलं आवडीने खातात. भाजी नको म्हणणारं मूल थालीपिठातली मेथी बिनतक्रार खातं. भाकरी कुस्करून ताकात, उसळीच्या रश्शात, शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या चटणीत द्या. फळ रस काढून न देता अख्खं द्या: पेरू, पपई, संत्रं. रात्री भिजवलेल्या सांगलीच्या मनुका, हंगामात पुरंदरचे अंजीर हेही चांगलेच. आणि घरच्यांनीही तेच खावं. आपण पाव-बटर खात मुलाला भाकरी खा म्हणणं चालत नाही.

जेवण पोटात गेलं की आतडं हालतं, ही शरीराची नैसर्गिक चाल आहे. तिचा फायदा घ्या. नाश्त्यानंतर किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत मुलाला पाच-दहा मिनिटं संडासात बसवा, रोज ठरल्या वेळी, न रागावता. कमोडवर मुलाचे पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या. शाळेतला संडास घाण असतो, दाराला कडी नसते, म्हणून कित्येक मुलं दिवसभर धरून ठेवतात. पालकसभेत मार्कांइतकंच याबद्दलही विचारायला हवं.

औषध, आहार, सवय सगळं नीट करूनही त्रास हटत नसेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गाईचं आणि म्हशीचं दूध पूर्ण थांबवून पाहतात. इटलीत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या ६५ मुलांना काही दिवस गाईचं, काही दिवस सोयाचं दूध दिलं गेलं. सोयाच्या दुधावर ४४ मुलांचा त्रास कमी झाला. गाईच्या दुधावर एकाचाही नाही. हा प्रयोग घरच्या घरी महिनोन्‌महिने करू नये. कॅल्शियमची भरपाई नाचणी-तिळातून कशी करायची, हे विचारूनच करावा.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. फक्त आईच्या दुधावरचं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, पण शी मऊ असते आणि बाळ खेळतं. यात काळजीचं काही नाही. अशा बाळाला एरंडेल पाजणं, साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ लावणं थांबवायला हवं. वर्षाच्या आत मध तर बोटभरही चाटवू नये, गुटीतूनसुद्धा नाही. त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो आणि त्याचं पहिलं लक्षण बरेचदा बद्धकोष्ठच असतं.

जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, शीतून वारंवार रक्त जात असेल किंवा पायांत जोर वाटत नसेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका, मुलाला थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाकीच्यांनी डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा: रोज किती पेले दूध, काय काय खाल्लं, किती पाणी, शी कधी झाली आणि कशी. तो कागद बरोबर घेऊन जा.