तांबडा रंग आणि लायकोपीन

मुरगूडच्या बाजारात टोमॅटो, कलिंगड, बीट आणि वाळलेली मिरची ही सारी दृष्टीस पडतात. मुले या सर्वांस सरसकट ‘तांबडी’ म्हणतात, आणि डोळ्यांपुरते ते खरेही आहे. परंतु रंग देणारी द्रव्ये भिन्न आहेत. टोमॅटो, कलिंगड व तांबड्या गराचा पेरू यांतील रंजकद्रव्य लायकोपीन होय. बीटाचा रंग बीटॅनीनचा, तर मिरचीचा मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा असतो.

१०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत सुमारे ३ मिलिग्रॅम, तितक्याच कलिंगडाच्या गरात साडेचार व तांबड्या पेरूत पाचच्या आसपास लायकोपीन सापडते. जात व पक्वता यांनुसार हे प्रमाण पुष्कळ बदलते. उष्णता सतत ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिली, तर टोमॅटोत ते तयार होणे मंदावते. ऐन उन्हाळ्यात काही फळे पिवळट राहतात, याचे हे एक कारण आहे.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. दोन काचेच्या भांड्यांत थोडे पाणी व थोडे गोडेतेल घ्यावे. एकात ठेचलेला पिकलेला टोमॅटो, दुसऱ्यात किसलेले बीट घालून ढवळावे व स्थिर ठेवावे. बीटाने पाणी रंगते, तेल कोरेच राहते. टोमॅटोचा रंग हळूहळू तेलात उतरतो. (टोमॅटो तेलात किंचित गरम केल्यास रंग लवकर उतरेल, हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.) तांबड्या रश्श्यावरील कट मुलांच्या ओळखीचा आहेच. मात्र तो कट बहुतांशी मिरचीचा असतो. तेव्हा तेल रंगले म्हणजे लायकोपीन सिद्ध झाले, असे शिकवू नये; रंग तेलात विरघळतो, एवढेच त्यातून कळते.

याच गुणामुळे कच्च्या टोमॅटोपेक्षा फोडणी देऊन शिजवलेल्या टोमॅटोतील लायकोपीन शरीरात अधिक शोषले जाते. शिजताना पेशींची आवरणे फुटतात व द्रव्य तेलात मिसळते.

एक गैरसमज मात्र घातक ठरू शकतो. गाजरातील बीटा कॅरोटीन लायकोपीनच्याच कुळातले. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. लायकोपीनपासून ते बनत नाही. टोमॅटोत कॅरोटीन असते, पण थोडे. म्हणून आहाराच्या पाठात ‘अ’ जीवनसत्त्वासाठी शेवगा, मेथी, गाजर, पिकलेला आंबा यांची नावे घ्यावीत. संध्याकाळी अडखळत चालणाऱ्या मुलास टोमॅटो खाण्यास सांगून थांबू नये. पालकांस कळवून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.