प्रवेशद्वारामागची पडदी

इमारतीच्या आतील पडदीचा वाऱ्याशी संबंध नाही, ही समजूत दर्शनी दरवाजा बंद असेतोवरच ग्राह्य. वादळात तो उघडा राहिला वा त्याची काच फुटली, की बाहेरचा दाब दालनात शिरून थेट तिच्यावर येतो. मुंबईसाठी भारतीय मानकाने सेकंदास 44 मीटर हा मूलभूत वेग मुक्रर केला आहे. उंची व परिसर यांचे गुणक तूर्त बाजूस ठेवून त्याच्या वर्गास 0.6 ने गुणिले, तर दर चौरस मीटरला सुमारे 1160 न्यूटन दाब निघतो, आणि भिंतीचा 5 ते 20 टक्के भाग उघडा असल्यास त्याचा निम्मा आत गृहीत धरावा लागतो. अमेरिकी संहितेतील आतील भिंतींचा सुमारे 240 न्यूटनांचा किमान भार येथे अपुराच! म्हणून अशी पडदी, विशेषतः छतापर्यंत बंदिस्त असल्यास, बाह्य भिंतीइतक्याच कसोशीने तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.