मेपलच्या आड दडलेलं फडताळ

कॅनडाचं नाव निघालं की मेपलचा पाक आठवतो आणि तिथल्या गोडाधोडाची चर्चा तिथेच आटोपते. पण 2019 साली कॅनडाच्या टपाल खात्याने पाच गोड पदार्थांवर तिकिटं काढली, ती नानाइमो बार, बटर टार्ट, शुगर पाय, सॅस्कटून बेरी पाय आणि ब्लूबेरी ग्रंट यांवर. यातल्या एकालाही मेपलवाचून अडत नाही. कॅनडाचं गोड घरातल्या फडताळातून आलं, असं माझं मत आहे. मैदा, लोणी, ब्राउन शुगर आणि पुड्यांतली पावडर एवढ्यावर ते उभं राहिलं, आणि त्याची नोंद ठेवली ती इस्पितळांसाठी पैसे जमवणाऱ्या बायकांनी. बटर टार्टची सर्वात जुनी ज्ञात छापील कृती 1900 साली ऑन्टारियोतल्या बॅरी गावच्या इस्पितळाच्या महिला मंडळाच्या पाकपुस्तकात आली. टार्टमध्ये मनुका घालाव्यात की नाही, यावर तिथली माणसं आजही हमरीतुमरीवर येतात.

नानाइमो बारची गोष्ट याहून बोलकी आहे. व्हँकुव्हर बेटावरच्या नानाइमोतल्या इस्पितळाच्या महिला मंडळाने 1952 साली पुस्तक काढलं. त्यात हा पदार्थ जवळपास एकाच कृतीने तीनदा येतो, पण ‘चॉकलेट स्क्वेअर’, ‘चॉकलेट स्लाइस’ अशा साध्या नावांनी. गावाचं नाव त्याला पुढे चिकटलं. खाली बिस्किटांचा चुरा, कोको, खोबरं आणि अक्रोड यांचा थर, मधे लोणी-साखरेचं पिवळं क्रीम, वर चॉकलेट. भट्टी लागतच नाही. मधल्या थराचा रंग आणि चव कस्टर्ड पावडरची. ही पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नसत. मराठी घरांत फ्रूट कस्टर्डसाठी वापरतात तीही याच जातीची, कॉर्नफ्लोअरवर आधारलेली. टपाल तिकिटावरच्या चित्रात हा थर फारच जाड काढला म्हणून तक्रारी झाल्या. मला त्या रास्त वाटतात. प्रमाण बिघडलं की हा पदार्थ नुसता गोड होतो.

यावर कोणी म्हणेल, मेपलचा पाक मूळ रहिवाशांकडून आलेला, जगातला सुमारे 70 टक्के पाक एकट्या क्युबेक प्रांताचा; त्याला कसं डावलायचं? डावलायचं नाहीच. पण एक लिटर पाकासाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो, त्यामुळे तो गरिबाला परवडणारा नाही. म्हणूनच तर 1929 नंतरच्या मंदीत क्युबेकच्या कामगारवस्त्यांतलं ‘पुडिंग शोमर’, म्हणजे बेकारांचं पुडिंग, बहुधा ब्राउन शुगरच्या पाकावर निभावलं. साध्या केकच्या पिठावर गरम पाक ओतायचा. भाजताना केक वर फुगतो, पाक तळाशी बसतो.

सॅस्कटून बेरी आणि ब्लूबेरी तर मातीतल्याच, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सॅस्कटून बेरी मूळ रहिवासी वाळवून पेमिकनमध्ये, म्हणजे सुकं मांस आणि चरबी यांच्या टिकाऊ मिश्रणात, घालत. साखर नव्हती, मैदाही नव्हता. तिचा पाय झाला तो वसाहतवाल्यांच्या घरी पीठ आणि साखर आल्यावर. नोव्हा स्कोशियाचं ब्लूबेरी ग्रंटही तसंच: फळं साखरेत शिजवायची, वर पिठाचे गोळे टाकून झाकण ठेवायचं. फळ रानातलं खरं, पण त्याचं मिष्टान्न झालं ते दुकानातून आणलेल्या जिनसांमुळे.