पाणी धुऊन निघाले, पण टाकीत कोण उतरले?

दोरीवर वाळत घातलेला बनियन उलटून त्याची पट्टी पाहा. पुष्कळदा तिच्यावर तिरुपूर हे नाव सापडेल. तामिळनाडूतल्या या शहराने देशाला बनियन पुरवले आणि त्यापायी आपली नोय्यल नदी नासवली. ही हकीगत आपल्या कामगार कुटुंबांनी समजून घ्यावी अशी आहे. कारखान्याचे सांडपाणी आपल्याही अनेक वस्त्यांच्या दारावरून वाहते.

कापडावर रंग पक्का बसावा म्हणून डाईंगमध्ये भरपूर मीठ घालतात. रंगाचे ते खारट पाणी वर्षानुवर्षे नोय्यलमध्ये सोडले गेले. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात तेच साचले. शेवटी धरणाचे पाणी नको, असे म्हणण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. ते कोर्टात गेले. २००६ साली मद्रास उच्च न्यायालयाने बजावले की, सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाता कामा नये. तरीही पाणी वाहतच राहिले. तेव्हा जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सुमारे सातशे कारखाने बंद करायला लावले. हजारो कामगारांच्या चुली विझल्या. चूक मालकांची आणि उपास कामगाराच्या घरी!

मग मार्ग निघाला. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, पण समजून घेतले तेव्हा तो मार्ग फार अवघड वाटला नाही. पहिले काम जंतूंचे. दुधाला विरजण लावतो, तसे सांडपाण्याच्या टाकीत जंतू वाढवतात आणि त्यांना हवा पुरवतात. पाण्यातली बरीच घाण ते खाऊन टाकतात. दुसरे काम मेम्ब्रेनचे. मेम्ब्रेन म्हणजे अत्यंत बारीक छिद्रांचा पडदा. घरात आपण पीठ वस्त्रगाळ करतो, तशीच ही गाळणी. फक्त छिद्रे इतकी बारीक की जंतूही त्यातून जात नाहीत. काही ठिकाणी हा पडदा जंतूंच्या टाकीतच बुडवलेला असतो; मग गाळ बसायला वेगळी टाकी लागत नाही.

पण पाण्यात विरघळलेले मीठ जंतू खात नाहीत आणि हा पडदाही ते अडवत नाही. त्यासाठी आरओ लागते. घरच्या फिल्टरमध्ये असते तेच, पण मोठे. पाणी दाबाने त्यातून ढकलतात. स्वच्छ पाणी पुन्हा डाईंगला जाते. मागे उरलेले खारट पाणी आटवून मीठही परत काढता येते. जंतूंनी आधी घाण कमी केली नाही, तर आरओचा पडदा लवकर चोंदतो. म्हणून दोघांची जोडी हवी. खर्च मोठा आहे, वीज फार लागते, शेवटी उरलेल्या गाळाची व्यवस्था करावी लागते. तरी वापरलेल्या पाण्याचा बहुतेक भाग परत मिळतो. तेव्हा ‘आम्हाला जमणार नाही’ ही मालकांची सबब आता चालणार नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. मे २०२५ मध्ये याच तिरुपूरजवळच्या एका डाईंग कारखान्यात सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला. एकीकडे पाणी गाळायला यंत्रे, आणि टाकीत मात्र माणूस! टाकीत कोणाला उतरवतात, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

घरातले कोणी अशा कामावर असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. टाकीतल्या विषारी वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून वायू नाही, असे समजू नका. एक पडला म्हणून दुसऱ्याने तसेच उतरू नये; तोही जातो. साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तीस लाखांनी घरचा माणूस परत येत नाही.

म्हणून नाही म्हणायला शिका, आणि एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून म्हणा. आज रात्री जेवणानंतर हा मजकूर घरात मोठ्याने वाचा. शेजारी कोणी टाकीवर कामाला असेल, तर त्यालाही बोलवा.