रहस्यकथेतला संशयित : पाचूबंदरच्या वाचकांशी झालेली चर्चा

मराठी समीक्षेने रहस्यकथेला कधी पंगतीला घेतले नाही. नवकथेवर ग्रंथ निघाले, नवकवितेवर परिसंवाद झडले. पण ज्या पुस्तकांनी गिरणगावातल्या चाळीत, एस.टी.च्या स्टँडवर आणि मच्छीमार होडीच्या नाळेवर बसून वाचणारा वाचक घडवला, त्यांची बोळवण 'करमणूक' या एका शब्दात झाली. दलित साहित्याच्या चळवळीनेही या वाङ्मयाकडे फारसे पाहिले नाही, आणि त्याला कारण होते. जगण्यामरण्याचे प्रश्न दारात उभे असताना झुंजारने कोणाची तिजोरी फोडली याची चौकशी करायला सवड कोणाला? तरीही हा विषय मी इथे मुद्दाम मांडतो आहे. माझ्या ओळखीच्या अनेक कार्यकर्त्यांनी 'बलुतं' हातात घेण्यापूर्वी अर्नाळकर वाचले होते. ज्या पुस्तकावर माणसाचे वाचन उभे राहते त्या पुस्तकाने त्याला काय शिकवले, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. ते कमी प्रतीचे काम आहे असे मला वाटत नाही.

पाचूबंदर ही वसईच्या किल्ल्याला लागून असलेली कोळ्यांची वस्ती. बांबूंवर वाळणारे बोंबील, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा आत येणारा समुद्र. इथे काही वर्षे आम्ही दर पंधरवड्याला वाचकांची बैठक घेतो. कोळी तरुण येतात, वसई गावातली बौद्ध कुटुंबे येतात, नालासोपाऱ्याहून कॉलेजची मुले येतात. सुरुवातीला मी 'फकिरा' आणि 'उपरा' घेऊन बसलो होतो. चर्चा व्हायची, पण लोक माझ्याकडे पाहून बोलायचे; मास्तरांना काय ऐकायला आवडेल ते बोलायचे. रहस्यकथांचा विषय निघाला आणि लोक एकमेकांकडे पाहून बोलू लागले, भांडू लागले. म्हणून ती मते लिहून काढली.

बाबुराव अर्नाळकर हे नाव या भागाला परके नाही. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लेखनासाठी घेतलेल्या नावातले अर्नाळा हे गाव आमच्याच तालुक्यात, विरारच्या पश्चिमेला समुद्रकाठी आहे. 1906 साली जन्मलेल्या आणि 1996 साली वारलेल्या या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू, पोलिसांना हुलकावणी देणारा झुंजार, कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना लुटणारा काळापहाड ही पात्रे भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून घरोघर पोचली. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांचा कॅप्टन दीप आला. आणि मुलांसाठी भा. रा. भागवतांनी (1910–2001) फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला. किडकिडीत अंगाचा, पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकल उडवणारा आणि अडचणीत सापडला की तोंडाने 'टॉक्' आवाज काढणारा हा पोरगा वीस पुस्तके पळत राहिला. 1980 च्या दशकात तो दूरदर्शनवर दिसला, 2017 साली चित्रपटात मोठा होऊन आला. हसत हसत रहस्य सोडवणारी इतकी लांब मालिका मराठीत क्वचितच दुसरी असेल.

पहिले मत एका म्हाताऱ्या तांडेलाचे. खोल समुद्रात आठ आठ दिवस राहणाऱ्या होडीवर त्यांच्या तरुणपणी अर्नाळकरांची एकदोन पुस्तके असायचीच. खाऱ्या हवेने त्यांची शिवण सुटे आणि शेवटची पाने आधी जात. मग गुन्हेगार कोण हे खलाशांनीच ठरवायचे. तांडेलमामा सांगत होते की आमच्या होडीवर प्रत्येक पुस्तकात खुनी एकच निघायचा : व्यापारी. जो मासळीचा भाव बंदरावर बसून ठरवतो तो. कथेत व्यापारी नसला तर सावकार, सावकार नसला तर वकील. एकदा कोणीतरी वसईहून त्याच पुस्तकाची धड प्रत आणली आणि खुनी भलताच निघाला. तेव्हा सगळ्या होडीचे मत पडले की लेखकाला भावाची माहिती नाही. बैठक हसली. मीही हसलो, पण हे मत मला फार मोलाचे वाटते. वाचकाला लेखक जिथे नेतो तिथे तो निमूट जातो, असे धरून चालणारे आपले कित्येक विद्वान आहेत. शेवटची पाने नसली की वाचक आपल्या अनुभवातून निवाडा करतो, हे त्यांनी होडीवर जाऊन पाहावे.

निवृत्त शिक्षक असलेल्या एका बौद्ध गृहस्थांचे मत याच्या अगदी उलट. त्यांच्या मते हे सारे वाङ्मय म्हणजे अफू. एका हुशार माणसाने एक गुन्हेगार पकडला की जग पुन्हा नीट झाले, अशी समजूत ते पसरवते. आणि जे जग मुळातच नीट नव्हते त्याच्याबद्दल बोलत नाही. या मताशी मी निम्मा सहमत आहे. प्रस्थापित व्यवस्थेत गुन्हा म्हणजे मालमत्तेवरचा हल्ला. हिऱ्याचा हार गेला की रहस्यकथा सुरू होते. पाणवठ्यावरून हाकलून दिले तर ती सुरू होत नाही, कारण तिथे हाकलणारा कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असते. तिथे रहस्य नसते, आणि शिक्षाही नसते. उरलेल्या निम्म्या भागात मात्र गुरुजींचे मला पटत नाही. पडक्या वाड्यात भूत दिसते म्हणून गाव घाबरते आणि तपासाअंती भुताच्या जागी माणूस सापडतो, ही रहस्यकथेची जुनी चाल आहे. मंत्रतंत्राने ज्या घरांचा खिसा कापला, त्या घरांतल्या मुलाला पुराव्याशिवाय काही मानू नये हे कुठल्यातरी पिवळ्या पानांच्या पुस्तकाने सांगितले असेल, तर ते शिक्षण मी टाकाऊ मानणार नाही.

फास्टर फेणेवर वाद झाला तो विनोदाचा. आठवीतली एक मुलगी म्हणाली की मला तो आवडतो, कारण तो स्वतःवर हसू देतो. मोठ्या माणसांची ऐट उतरवतो. दुसऱ्या एका तरुणाने विचारले की त्याच्यावरचे हसू आणि आमच्यावरचे हसू एकच आहे काय? मराठी रंगभूमीने आणि रंजक कथेने गड्याच्या, भांडीवालीच्या, रामागड्याच्या तोंडी वेडीवाकडी भाषा घालून हशा मिळवण्याची खोड फार वर्षे जपली. ती भाषा आमच्या आईची भाषा होती. घरात प्रेमाने बोलली जाणारी बोली छापील पानावर आली की विनोद होतो, हे ज्याने लहानपणी अनुभवले तो पुढे वर्गात तोंड उघडायला कचरतो. फास्टर फेणेच्या विनोदाचे भांडवल मुख्यतः त्याचे स्वतःचे हाडकुळे शरीर आणि त्याची घाई आहे, हे मुलीचे म्हणणे मला रास्त वाटते; भागवतांच्या मनात दुष्टावा नाही. पण विद्याभवनातला विद्यार्थी चुकीच्या ठिकाणी सापडला तर लोक त्याला 'धडपड्या मुलगा' म्हणतात. त्याच ठिकाणी कातकऱ्याचा मुलगा सापडला तर त्याला काय म्हणतात, हे वसई तालुक्यात कोणालाही विचारा.

तो तरुण बोलला ते पुढे सांगतो. तो शाळेत असताना वर्गातून एका मुलाचे घड्याळ गेले. शिक्षकांनी कोणालाही काही न विचारता तीन दप्तरे उघडली. तिन्ही मागच्या बाकावरची, तिन्ही एकाच वस्तीतली. घड्याळ दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरीच सापडले. कोणी काही बोलले नाही. त्या तरुणाचा रहस्यकथेवरचा आक्षेप असा की तिच्यात पहिला संशयित नेहमी निर्दोष निघतो आणि त्याची माफी मागितली जाते.

याच्यामागे मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणूस चोर ठरू लागला. पारधी, कैकाडी, मांग, रामोशी अशा कितीतरी जमातींच्या माणसांना पोलीस पाटलापुढे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला दाखला लागे. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959) ही या हजेरीविरुद्धची कादंबरी आहे. हा कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणजे अर्नाळकरांचा धनंजय ठसे आणि सिगारेटची थोटके तपासत होता, तेव्हा त्याच मुलखात पोलिसांना तपासाची गरजच नव्हती. यादी तयार होती. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (1987) वाचताना रहस्यकथा उलटी होऊन समोर येते. इथे कथा सुरू होते ती ज्या घरावर छापा पडतो त्या घरातून.

प्रेताचेही तसेच. रहस्यकथेत प्रेत पहिल्या प्रकरणात सापडते आणि मग हुशार नायक येतो. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्येही प्रेत आहे, विहिरीत आहे. पण तिथे त्यावर पहारा करायचा तो तराळकीवर असलेल्या वडिलांनी, आणि पोलिसांच्या हुकमाने ते वर काढायला विहिरीत उतरायचे तेही त्यांनीच. हा उतारा मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा रहस्यकथांचे कट्टर पुरस्कर्ते असलेले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आजवर इतकी पुस्तके वाचली, पण प्रेत कोणी उचलले हे एकदाही मनात आले नाही.

आणि खरी गोष्ट अशी की गावगाड्यात तपासाचे काम आपल्याकडेच होते. येसकर वेशीवर राखण करी. चोरी झाली तर चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाणे, पुढच्या गावाच्या हवाली तो माग करणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, ही महाराच्या वतनातली कामे होती. पावलाच्या ठशावरून माणूस लंगडा की भारवाहू, रात्री गेला की पहाटे, हे ओळखणारी विद्या त्या माणसापाशी होती. बेकर स्ट्रीटवरचा शेरलॉक होम्स हीच विद्या वापरतो आणि जग त्याला प्रतिभावंत म्हणते. आमच्या आज्याने वापरली तर ती वेठ. 1958 च्या कायद्याने ही वतने गेली ते उत्तमच झाले, त्या गुलामीबद्दल मला हळहळ नाही. पण राबवून घेतलेल्या माणसाची बुद्धी मराठी कथेने कधी नायकाच्या अंगी दाखवली नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

रहस्य सोडवण्याचे आपल्या परिसरातले थोर उदाहरण तर नालासोपाऱ्यालाच आहे. तिथल्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणले आणि आत स्तूप निघाला : दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, आणि मातीच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावला मिळाला तो 1956 साली, दीक्षेच्या वर्षी. बुद्धाचे नाव लोक विसरले होते. राजा मात्र त्यांनी टोपल्या विणणाऱ्याच्या जातीचा ठरवला होता. असे का, याचे उत्तर मला हवे आहे.

बाबासाहेबांच्या दोन ग्रंथांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. शूद्र पूर्वी कोण होते (1946), अस्पृश्य मूळचे कोण (1948). दोन्ही प्रश्न आहेत, आणि 'कोण' याच शब्दाचे आहेत. अस्पृश्यतेच्या उगमाचा प्रत्यक्ष पुरावा मिळत नाही, साखळीच्या कड्या हरवल्या आहेत, अशा वेळी संशोधकाने तर्काने आणि कल्पनाशक्तीने त्या जोडाव्यात की काम सोडून द्यावे, याचा विचार त्यांनी दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत केला आहे; आणि काम सोडून देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे निष्कर्ष आज वादाचे विषय असू शकतात. पण समाजाने नैसर्गिक म्हणून स्वीकारलेली गोष्ट हा एक घडवलेला प्रकार आहे, तो कोणीतरी, केव्हातरी, कशासाठी तरी घडवला, असे मानून माग काढणारी ही दृष्टी आहे. रहस्यकथा ज्या वाचकाला या ग्रंथांच्या दारापर्यंत आणून सोडते, त्याला पुढे नेण्याचे काम कार्यकर्त्यांनी केले पाहिजे.

नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थिनीने 2017 च्या फास्टर फेणे चित्रपटाचा मुद्दा काढला. त्यात गुन्हा आहे तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याचा. 2024 साली नीट परीक्षेच्या पेपरफुटीवरून देशभर गदारोळ झाला तेव्हा तिला तो चित्रपट आठवला. तिचे म्हणणे असे : पेपर विकत घेणारा पैसेवाला असतो हे सिनेमात सगळ्यांना पटते, पण कॉलेजात जागा कोणी चोरली असे बोलणे निघाले की डोळे माझ्या जातीच्या दाखल्याकडे वळतात. यावर बैठकीत कोणाचाही वाद नव्हता.

आता मुलांनी स्वतःच एक रहस्यकथा लिहायला घेतली आहे. नायिका पाचूबंदरची तेरा वर्षांची मुलगी. तिची आजी एका येसकराची नात, आणि माग काढण्याचे धडे तीच देते. वाळत घातलेले बोंबील रातोरात नाहीसे होतात, तिथून कथा सुरू होते. आठवीतल्या मुलीने नायिकेला सायकल दिली. इतरांनी किनाऱ्यावरच्या वाळूत ती चालत नाही म्हणून काढून घेतली. तीन प्रकरणे झाली आहेत. चोर कोण यावर अजून एकमत नाही. तांडेलमामांचे मत अर्थातच ठरलेले आहे, पण मुलांना ते फार सोपे वाटते. पहिला संशयित कोणाला करायचे यावर मात्र दोन बैठका गेल्या; कारण ज्याचे नाव काढावे त्याच्या वस्तीतले कोणीतरी बैठकीत बसलेले असते.