डोंगराआडचे गाव

बिहारमधील गया जिल्ह्यात खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी गेहलौर हे खेडे आहे. बाजार व दवाखाना डोंगरापलीकडे. सरळ वाट नव्हती. तेथील मजूर दशरथ मांझी यांच्या पत्नी फाल्गुनीदेवी वेळेवर उपचार न मिळाल्याने निवर्तल्या. १९६० साली मांझींनी छिन्नी-हातोड्याने एकट्यानेच डोंगर फोडण्यास आरंभ केला. लोक हसले, हसणे सोपेच असते! १९८२ साली सुमारे ११० मीटर लांब व ९ मीटर रुंद खिंड तयार झाली. अत्री व वजीरगंज यांमधील ५५ किलोमीटरांचा फेरा १५ वर आला.

रस्ता प्रथम मोठ्या वस्तीस मिळतो. सपाटीवरील पाचशे वस्तीची गावेदेखील पक्क्या रस्त्याने जोडण्याची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली ती २००० साली. मांझी २००७ साली वारले. त्यांच्या खिंडीतून पक्का रस्ता गेला, तो त्यानंतर.