घरी नळच नाही, मग गुण कशाचे? मुलांचं ‘पर्यावरणप्रेम’ असं मोजतात

दात घासताना मी नळ बंद ठेवतो, हे तुमच्याबाबतीत किती खरं? अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये मुलांसाठी मांडलेल्या ‘चीक्स’ या ६६ प्रश्नांच्या चाचणीत अशा धर्तीची विधानं आहेत. ‘अगदी खरं’ म्हटलं की गुण जास्त. पण हंड्याने पाणी आणणारी मुलगी? ती तांब्याभर पाण्यात तोंड धुते, तरी ‘खरं नाही’ म्हणाली की गुण कमीच. भाषांतर अचूक असलं, तरी प्रश्न तिच्या घरचा नाही.

२००७ च्या मुलांसाठीच्या ‘एनईपी’ मोजपट्टीत १० विधानं. प्राण्यांनाही माणसाइतकाच जगण्याचा हक्क, हे त्यातलं एक. आदल्याच रात्री रानडुकरांनी ज्याच्या शेतातला भुईमूग उकरला, तो मुलगा कुठे खूण करणार?

पाहणीआधी मोजक्या मुलांवर प्रश्न तपासून घेतात, ते यासाठीच. मग नळाच्या जागी हंडा येतो.